परसात पडलेलं ड्रोन

रविवारी सकाळी कात्रीबाईंच्या घरात दोन गोष्टी एकदमच झाल्या. रंगकामासाठी उतरवलेला छताचा पंखा त्यांच्या नवऱ्यानं स्वतःच्या हातानं परत चढवला, आणि फोन वाजला.

“फिरतोय बघ,” नवरा स्टुलावरून उतरत म्हणाला.

“वारा कुठाय?”

“फिरतोय म्हणजे वारा येणारच. जरा दम धर.”

कात्रीबाईंनी दम धरला. पंखा गरगर फिरत होता, आणि खालच्या टेबलावरचं वर्तमानपत्र ढिम्म हलत नव्हतं. कपाळावरचा घाम पुसत त्यांनी फोन उचलला. पलीकडे हवालदार होता.

“बाई, ड्रोन पडलंय. खाणीखालच्या आळीत, हेडमास्तरांच्या परसात. लवकर या. मास्तर आम्हालाच उभं करून प्रश्न विचारतायत.”

ड्रोनचे परवाने देणाऱ्या कार्यालयात कात्रीबाई चौकशी अधिकारी होत्या. हे नाव त्यांना कार्यालयानंच ठेवलं होतं, आणि पाठीमागे ठेवलेलं नाव माणसाच्या कानावर पोचायला किती वेळ लागतो? परवाने कापते ती कात्री. खरं तर कापायची हौस त्यांना मुळीच नव्हती. नियमच असे होते की काहीही झालं तरी शेवट कापण्यातच व्हावा.

हेडमास्तरांचं परस दगडाच्या खाणीच्या कड्याला अगदी पाठ लावून होतं. वर उभा कडा, कड्याच्या पायथ्याशी वेलाचा मांडव. मांडवावर ते ड्रोन उताणं पडलं होतं, पाय वर करून मेलेल्या झुरळासारखं. हवालदारानं ते काठीनं सुलटं केलं. चार हात, चार पाती. पुढच्या दोन पात्यांना मधोमध पांढरी कडी होती, मागच्या दोन्हींना नव्हती. मागचं एक पातं मोडलं होतं. पाठीवर ठसठशीत अक्षरांत नोंदणी क्रमांकाची पट्टी चिकटवलेली होती, कोरी करकरीत.

“नंबर आहे म्हणजे मालक सापडला,” हवालदार खूश होऊन म्हणाला. “आणि रिमोट वर कड्याच्या काठाला गवतात होता. उडवणारा टाकून पळाला.”

“मालक मी आधीच सांगितलाय,” हेडमास्तर कडाडले. निवृत्त होऊनही त्यांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जात होता. “खाणवाला! भिंतीला तडे गेले म्हणून आळीनं खाणखात्याकडे तक्रार केली, आता हा आमच्यावर पाळत ठेवतोय.”

तडे खरेच होते. स्वयंपाकघराच्या भिंतीत एक तर असा होता की बोट सहज आत जावं. वर सुरुंग लागला की खाली मांडणीवरची भांडी वाजत, असं मास्तरीणबाई म्हणाल्या. त्या न्हाऊन परसात केस वाळवत बसल्या होत्या, तेव्हाच हे आकाशातून आलं.

“तुम्ही काय पाहिलं?” कात्रीबाईंनी विचारलं.

“पाहिलं काही नाही. ऊन छान होतं, डोळे मिटले होते. धप्पकन आवाज झाला आणि मांजर पळालं.”

“त्याआधी?”

“त्याआधी कुठे काय? निवांत होतं. रविवारी सुरुंग नसतो ना.”

“अगं, तू मुद्द्याचं बोल,” हेडमास्तर मध्ये पडले. “अधिकारी बाई, त्या यंत्रातले फोटो बघा. घरातल्या बाईमाणसाचे असे फोटो! कायदा आहे की नाही?”

कायदा होता. फोटोही होते. कात्रीबाईंनी ड्रोनमधलं कार्ड काढून पाहिलं. वरून घेतलेलं घर, न्हाणीची खिडकी, ओले केस पाठीवर सोडून बसलेल्या मास्तरीणबाई. पुन्हा घर, पुन्हा त्या. सगळीकडे घराची मागची बाजूच दिसत होती. कात्रीबाईंना त्या बाईंसाठी ओशाळल्यासारखं झालं आणि फोटो काढणाऱ्याचा राग आला. त्यांनी ड्रोन पिशवीत घालून पिशवीला सील ठोकलं.

क्रमांक खाणवाल्याचा निघाला नाही. तो निघाला एका मोजणीबाईंचा.

मोजणीबाईंचं ऑफिस म्हणजे राहत्या घराची पुढची खोली. नवरा बोटीवर, सहा-सहा महिने घरी नाही. जमीन मोजायचा परवाना बाईंचा आणि ड्रोन उडवायचा परवाना त्यांच्या दिराचा. दोघांचे चेहरे उतरले होते.

“ड्रोन कधी गेलं?” कात्रीबाईंनी विचारलं.

“मास्तरांकडून पोलिसांचा फोन आला तेव्हा कपाट उघडलं,” मोजणीबाई म्हणाल्या. “अख्खी केशरी पेटी गायब. रिमोट, पाती, सगळं तिच्यातच असतं.”

“कपाटाची किल्ली?”

“दाराजवळच्या खिळ्याला. घरातलीच माणसं येतात-जातात हो. लपवायची कुणापासून?”

कात्रीबाई दिराकडे वळल्या. “सकाळी तुम्ही कुठे होतात?”

“झोपलो होतो.”

“साक्षीदार?”

“झोपायला साक्षीदार लागतो हे माहीत नव्हतं. मला ते ड्रोन एकदा बघू द्या, बाई. हातात घेतलं की काय झालंय ते सांगतो.”

“सुनावणी होईपर्यंत संबंधित माणसाला पुरावा दाखवता येत नाही. नियम आहे.”

“मग नियमालाच विचारा काय झालं ते!”

“भावजी,” मोजणीबाईंनी दटावलं. त्या कात्रीबाईंकडे वळल्या. “बाई, ती खाण खाणखात्यानं आम्हालाच मोजायला दिली होती. मोजली. खाणवाला हद्द सोडून पार कड्याच्या पोटात शिरलाय. असाच खणत राहिला तर मास्तरांचं घर खाली येईल. उद्या संध्याकाळी अहवाल द्यायचाय. तो मंजूर झाला की सुरुंग बंद.”

“आणि आज ड्रोन विनापरवानगी घरावरून उडालं असं ठरलं तर?”

“तर आमचा परवाना स्थगित. आणि त्या परवान्यावर केलेली, मंजूर व्हायची राहिलेली प्रत्येक मोजणी रद्द. मी घरावरून कशाला उडवीन? आळीतली घरंही मोजायची होती, तडे टिपायचे होते. दारोदार फिरले संमतीसाठी. एकानंही सही दिली नाही. मास्तरांनी तर अर्ज वाचून त्यातल्या चुका काढून परत दिला. म्हणून आम्ही खाणीच्या काठाशी थांबलो. कायदा पाळून हे फळ!”

कात्रीबाईंनी खोलीभर नजर फिरवली. कपाटावर एक जुनं मोडकं ड्रोन होतं. त्यांनी ते सहज उचललं.

“याच्यावर नंबर नाही?”

दिरानं बॅटरीचं झाकण उघडलं. आत क्रमांक कोरलेला होता. “दोन्हींचा आतच आहे. बाहेर चिकटवलेलं उन्हानं सुटतं.”

“आणि ही पाती काढून का ठेवता?”

“पेटीत मावत नाहीत. प्रत्येक वेळी स्क्रूनं बसवायची. कडीवाली दोन तिरप्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत, बिनकडीची उरलेल्या कोपऱ्यांत. हाताला सवय झालीय, डोळे मिटून बसवतो.”

“‘क्रमांक बाहेरून वाचता येईल असा लावावा,’” दारातून आवाज आला. “कलम तोंडपाठ आहे मला. कितीदा सांगितलं याला!”

आत आले ते वकीलमामा, दिराचे सख्खे मामा. या घराचे परवान्यांचे सगळे कागद तेच करत. गोल चेहरा, गोड आवाज. मोजणीबाईंच्या डोक्यावरून त्यांनी हात फिरवला.

“सूनबाई, रडायचं नाही. बाई, मी स्पष्ट बोलतो. पोराच्या हातून चूक झाली असेल, नसेल. भांडत बसण्यापेक्षा आम्ही स्थगिती मान्य करतो. तीन महिन्यांचा तर प्रश्न. परवाना मी परत मिळवून देतो.”

“मी उडवलंच नाही, मामा!” दीर ओरडला.

“अरे, कायद्यात खरं-खोटं नंतर. आधी नुकसान कमी करायचं.” मामा कात्रीबाईंकडे बघून हसले. “पतंग उडवायला याला मीच शिकवलं हो. आता ही यंत्रं आली, ती आपल्या डोक्यावरून जातात. काल संध्याकाळी सह्यांचे कागद न्यायला आलो होतो, तेव्हाच म्हटलं होतं, जपून रे बाबा.”

तिथून कात्रीबाई खाणीवर गेल्या. फाटकाशी खुर्ची टाकून एक पहारेकरी बसला होता. कड्याच्या काठाकडे जायला तेवढी एकच वाट.

“सकाळी कोणी आलं होतं?”

“नाही.”

“नीट आठवा. कामगार? मालक?”

“रविवारी काम बंद. मालक गावाला. परकं माणूस मी आत सोडत नाही, बाई. चिमणी सोडत नाही.”

“कुंपणावरून?”

“कुंपण बघितलंत का?”

कात्रीबाईंनी बघितलं. उंच होतं, वर काटेरी तार होती. त्यावरून जाणारा माणूस फाटक्या कपड्यांनिशी बाहेर पडला असता. मग रिमोट गवतात आला कुठून? कोणी काही पाहिलं नव्हतं, ऐकलं नव्हतं, आणि तरीही सगळे ठामपणे सांगत होते. कात्रीबाईंचं डोकं उठलं.

सोमवारी ते आणखी उठलं. ड्रोनच्या पोटात उड्डाणाची नोंद असते. ती वाचून घ्यावी म्हणून त्यांनी प्रयोगशाळेला फोन लावला. प्रयोगशाळा म्हणाली, तीन महिने. त्यांनी पोलिसांना विचारलं. पोलीस म्हणाले, हवेतलं प्रकरण तुमचं. खाणखात्याला विचारलं, अहवाल चार दिवस उशिरा चालेल का? खाणखातं म्हणालं, परवान्याचं बघणारे तुम्ही, आम्हाला का विचारता? एकाचा पाय दुसऱ्यात आणि दुसऱ्याचा तिसऱ्यात, आणि तोंडावर पडायची ती मोजणीबाई.

“स्थगितीचा आदेश तयार ठेवा,” साहेब म्हणाले. “दुपारी सुनावणी, लगेच सही. त्यांचा वकीलच मान्य करतोय, तुम्हाला कशाची अडचण?”

“साहेब, तो मान्य करतोय हीच अडचण आहे. स्वतःच्या भाच्याचा परवाना जातोय आणि मामा तिकीट काढून दिल्यासारखा निरोप देतायत.”

“वकील आहेत ते. त्यांना कळतं.”

कात्रीबाई जेवायला घरी आल्या त्या पाय आपटतच. नवरा पंख्याखाली बसून पुठ्ठ्यानं वारा घेत होता.

“हे काय?”

“पंखा चांगलाय. हवाच जड आहे आज.”

कात्रीबाईंच्या डोक्यात तिडीक गेली. सगळं जग मेलं असं! काम होत नाही, पण फिरतंय ना, मग झालं! त्यांनी पंखा बंद केला, स्टूल ओढलं आणि वर चढल्या. पातं हाताला लागताच त्यांना कळलं. तिन्ही पाती पालथी बसवली होती. वारा खाली यायच्या ऐवजी छताला लागत होता.

“अहो, पाती उलटी बसवलीत तुम्ही!”

“फिरतोय तर!”

“फिरेल हो. पण…”

वाक्य तोंडातच राहिलं. त्या स्टुलावर तशाच उभ्या राहिल्या. मग उतरल्या आणि जेवण तसंच ठेवून बाहेर पडल्या.

“अगं, पातं काढून दे तरी!” नवरा मागून ओरडला.

कार्यालयात जाऊन त्यांनी पिशवी उजेडात धरली. सील तोडायची गरज नव्हती, पारदर्शक पिशवीतून सगळं दिसत होतं. त्यानंतर त्या पुन्हा खाणीच्या फाटकाशी गेल्या. पहारेकऱ्याला त्यांनी एकच प्रश्न विचारला. काल विचारायचा राहिलेला.

दुपारी सुनावणीच्या खोलीत सगळे जमले. साहेबांपुढे टंकलेला आदेश होता. मोजणीबाई पदराशी चाळा करत होत्या. दीर खाली मान घालून बसला होता. हेडमास्तर ताठ, शेजारी मास्तरीणबाई. वकीलमामांनी पेनाचं टोपणही काढून ठेवलं होतं.

“आमची हरकत नाही,” मामा म्हणाले. “सही करून मोकळे होऊ.”

“माझी आहे,” कात्रीबाई म्हणाल्या. त्यांनी सीलबंद पिशवी टेबलावर ठेवली आणि दिराला जवळ बोलावलं. “सुनावणी सुरू झाली. आता बघता येईल. हात लावू नका, नुसतं बघा.”

दिरानं पाहिलं. त्याचे डोळे विस्फारले.

“हे कोणी बसवलं? कडीवाली दोन्ही पुढे? हे कसं उडेल? जमिनीवरच कोलांटी खाईल!”

“का?”

“शेजारची दोन पाती उलटसुलट फिरायला लागतात, तिरप्या कोपऱ्यांतली सारखी. हे असं बसवलं तर अर्ध्या पात्यांचा वारा खाली आणि अर्ध्यांचा वर.”

“म्हणजे आमच्या घरच्या पंख्यासारखं,” कात्रीबाई म्हणाल्या. “साहेब, हे ड्रोन रविवारी उडालंच नाही. मास्तरीणबाईंनी कालच सांगितलं होतं. धप्प झालं, त्याआधी निवांत. ड्रोन डोक्यावर असतं तर भुणभुण ऐकू आली असती. त्यांना मुद्द्याचं बोलायला सांगितलं गेलं आणि मुद्दा तोच होता.”

हेडमास्तरांनी घसा खाकरला.

“पण फोटो वरून काढलेत,” साहेब म्हणाले.

“कड्यावरून, साहेब. उडणारं यंत्र चहूबाजूंनी फिरतं. या फोटोंत घराची एकच बाजू आहे, कड्याकडची. कोणीतरी काठावर उभं राहिलं, ड्रोन हातात धरलं, रिमोटचं बटण दाबून फोटो काढले. मग ते खाली मांडवावर फेकलं आणि रिमोट गवतात टाकला.”

“खाणवाला!” हेडमास्तर गरजले. “मी पहिल्या दिवसापासून सांगतोय!”

“खाणवाला गावाला होता, मास्तर. आता ही पट्टी बघा. चोरून उडवणारा कधी पाठीवर स्वतःचा नंबर चिकटवेल? ज्याला ड्रोन सापडावं, मालक कळावा असं वाटतं, तोच चिकटवेल. या घरात नंबर झाकणाच्या आत असतो. पोलिसांना झाकण उघडायचं सुचलं नसतं तर? ही जोखीम त्याला नको होती. म्हणजे माणूस असा, ज्याला नियम शब्द न् शब्द माहीत आहे. एक बेकायदा उड्डाण सिद्ध झालं की खाणीची मोजणी रद्द होते, हेही माहीत. तीन महिन्यांत खणलेला भाग मातीनं बुजवता येतो, हेही. उडालेलं दिसावं म्हणून त्यानं पाती बसवली, पण पातं कुठलं कुठे बसतं, ते मात्र माहीत नाही. कलम तोंडपाठ आणि यंत्र डोक्यावरून जाणारं.”

दिराची मान हळूहळू मामांकडे वळली.

“हा नुसता तर्क झाला,” वकीलमामा शांतपणे म्हणाले. “बाई, पुराव्याच्या कायद्यात…”

“पुरावा बाहेर बसलाय.” कात्रीबाईंनी दार उघडलं. पहारेकरी टोपी हातात घेऊन आत आला. “काल मी यांना विचारलं, परकं कोणी आलं का? हे म्हणाले नाही, आणि ते खरंच बोलले. आज मी विचारलं, घरचं कोण आलं?”

“वकीलसाहेब आले होते की,” पहारेकरी भाबडेपणानं म्हणाला. “ते तर अर्धे मालकच. खाणीत भागीदारी आहे त्यांची. हातात केशरी पेटी होती. मला वाटलं, डबा घेऊन हवा खायला आले.”

टोपण काढलेलं पेन मामांच्या हातातच राहिलं. त्यांनी ते टोपण लावून खिशात ठेवलं. मग मोजणीबाईंकडे वळले, आणि आवाज तसाच गोड होता.

“सूनबाई, तीन महिन्यांचाच प्रश्न होता गं. मी म्हटलं ना, परवाना परत मिळवून दिला असता. तुमचं काही कायमचं जाणार नव्हतं.”

“आणि मास्तरांचं घर, मामा?” मोजणीबाई म्हणाल्या. “ते कुठल्या कलमाखाली परत मिळवून दिलं असतं?”

मामा खुर्ची मागे सारून उठले.

“पतंग तुम्हीच शिकवला होता मला,” दीर एवढंच म्हणाला. दाराशी उभा असलेला हवालदार मामांना घेऊन गेला तेव्हा दीर उठला नाही, पण त्यानं तोंड फिरवून डोळे पुसले. ते सगळ्यांना दिसलं आणि सगळ्यांनी न पाहिल्यासारखं केलं.

साहेबांनी स्थगितीचा आदेश फाडला. अहवाल संध्याकाळच्या आत खाणखात्यात पोचला, आणि दुसऱ्या दिवशी सुरुंग वाजला नाही. सगळं छान झालं म्हणावं तर तेही नाही. ड्रोन पुरावा म्हणून जमा, प्रयोगशाळेचं पत्र येईपर्यंत परत मिळणार नाही. कधी येईल? तीन महिने. ज्याचं ड्रोन चोरीला गेलं, त्यानंच ड्रोनशिवाय बसायचं! कात्रीबाईंनी यावर साहेबांशी भांडून पाहिलं. साहेब म्हणाले, नियम आहे. हे वाक्य आपण स्वतः कितीदा बोललो, ते आठवून कात्रीबाई तिथून निघाल्या.

कार्यालयाच्या पायऱ्यांवर हेडमास्तरांनी मोजणीबाईंना गाठलं. त्यांनी खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. आळीवरून उडवायच्या संमतीचा अर्ज, तोच, त्यांनीच चुका काढून परत पाठवलेला. मोजणीबाईंनी तो चुका सुधारून नव्यानं लिहून पुन्हा त्यांच्या घरी दिला होता आणि मास्तरांनी तो न वाचताच खिशात ठेवला होता.

“खाणवाल्याचीच माणसं समजत होतो मी तुम्हाला,” हेडमास्तर म्हणाले. पुढे काही बोलायचं होतं, पण चूक कबूल करायचा सराव नव्हता. त्यांनी पायरीवरच गुडघ्यावर कागद ठेवून सही केली. “बाकीच्या आळीच्या सह्या मी आणतो. कोण देत नाही बघतो. पण उडवणार काय? तुमचं यंत्र तर यांनी ठेवून घेतलं.”

“कपाटावर जुनं आहे,” दीर म्हणाला. “दुरुस्त करतो. दोन दिवसांत.”

“येण्याआधी तेवढं सांगा हं,” मास्तरीणबाई म्हणाल्या. “मी केस बांधून बसेन.”